आईच्या फोनला अँटीव्हायरस घ्यावा का?

गवती_चहा

नमस्कार मंडळी. आई साताऱ्यात एकटी राहते, मी पुण्यात. तिचा अँड्रॉइड फोन चारेक वर्षं जुना आहे. हल्ली त्यावर सारखा 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले आहेत, लगेच साफ करा' असा लालभडक मेसेज येतो. शेजारी बॅटरी जळतानाचं चित्र. आई घाबरून फोनच बंद करून ठेवते, मग तिचा फोन लागत नाही म्हणून इकडे मी घाबरतो.

कोपऱ्यावरचा मोबाइलवाला म्हणतो, वर्षाचा अँटीव्हायरस टाकून देतो. धाकटा भाऊ म्हणतो, सरळ फॉरमॅट मार. मावसभावाचं मत असं की मोबाइलला व्हायरस येतच नाही, ही सगळी कंपन्यांची कमाई. तिघंही इतक्या ठामपणे बोलतात की कुणाचं ऐकावं कळेना.

आईचा वापर म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूबवर कीर्तनं, दूधवाल्याला आणि भाजीवाल्याला यूपीआय. पेन्शनचं खातंच त्या यूपीआयला जोडलेलं आहे, खरी काळजी तीच. पैसे देऊन अँटीव्हायरस घ्यावा का? नाही तर मग नेमकं काय करावं? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

ठसका

लिंबू-मिरची बांधा. दर शनिवारी बदला. लायसन्स रिन्यू करायची भानगड नाही.

साडेसाती

ठसका, :-)
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो. आमच्या नात्यात याच्या पुढचा अंक झालाय.

दुरुस्ती_दादा

कराडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे माझं, असले फोन रोज टेबलावर येतात. आधी आईंना सांगा, घाबरायचं काही नाही. कुठल्याही वेबसाइटला तुमच्या फोनच्या आतले व्हायरस बाहेरून मोजता येत नाहीत. तो मेसेज क्रोममधून येतोय. कधीतरी एखादं पान उघडताना 'पुढे जाण्यासाठी अलाऊ दाबा' असं आलं असणार आणि दाबलं गेलं असणार. ते अलाऊ म्हणजे त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची दिलेली परवानगी. मग ती दिवसरात्र पाठवत बसते.

क्रोम उघडा, वर कोपऱ्यात तीन टिंबं आहेत तिथून सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी निघेल. सगळ्या बंद करा. फुकटात होतं, दोन मिनिटांचं काम.

आता दुसरा प्रकार. काही उघडलेलं नसताना अख्ख्या स्क्रीनवर जाहिरात येत असेल, तर ते एखादं अ‍ॅप करतंय. जाहिरात समोर असतानाच खालचं चौकोनी बटण दाबा, कोणाच्या नावाने ती उघडली आहे ते दिसतं. बहुतेक वेळा क्लीनर, बॅटरी सेव्हर, टॉर्च, क्यूआर स्कॅनर, फोटोवर फुलं लावायचं अ‍ॅप, यातलंच कुणीतरी असतं. सापडत नसेल तर सेफ मोड. पॉवर बटण धरलं की 'पॉवर ऑफ' येतं, त्यावर बोट दाबून ठेवा, सेफ मोड विचारेल. (काही फोनमध्ये पद्धत थोडी वेगळी असते.) सेफ मोडमध्ये फोनबरोबर आलेली अ‍ॅप्स तेवढी चालतात. तिथं जाहिराती थांबल्या तर चोर नंतर टाकलेल्या अ‍ॅपमध्ये आहे. शेवटी टाकलेल्यापासून काढत या.

फॉरमॅट अगदी शेवटी. लोकं फॉरमॅट मारतात, बॅकअपमधून तीच अ‍ॅप्स परत घेतात आणि आठ दिवसांनी पुन्हा दुकानात येतात.

गवती_चहा

दादा, मंडळ आभारी आहे! व्हिडिओ कॉलवर लगेच करून घेतलं. म्हणजे 'लगेच' असं म्हणायचं.
"आई, वर तीन टिंबं दिसतात का?"
"वर बॅटरी दिसते."
"त्याच्या खाली."
"त्याच्या खाली तू दिसतोस."
शेवटी शेजारच्या वहिनींच्या फोनवरून मी आणि आईच्या हातात तिचा फोन, असं केलं. यादीत काय काय निघावं! दोन पंचांगवाले, तीन भविष्यवाले, मालिकांच्या 'पुढील भागात काय घडणार' वाल्या चार-पाच साइट, एक रमी, आणि एक नुसते आकडे असलेला पत्ता. सगळं बंद केलं. लाल मेसेज थांबला.

म्हणजे प्रश्न सुटला म्हणायचा का?

ठसका

धागा नवव्या प्रतिसादाच्या आत सुटला तर इथली परंपरा मोडेल. साडेसाती, या लवकर.

साडेसाती

आलो. गवती_चहा, तुमचा होता तो त्रास होता, धोका वेगळाच असतो. ऐका.

माझे चुलत सासरे, नाशिकला असतात, सरकारी नोकरीतून निवृत्त. ऐन लग्नसराईत जुन्या सहकाऱ्याच्या नंबरावरून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल आली. नाव 'लग्नपत्रिका', शेवटी टिंब आणि 'एपीके', म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप बसवायची फाइल. ते शेवटचं कोण वाचतंय? दाबलं. फोनने विचारलं, 'या ठिकाणाहून अ‍ॅप इन्स्टॉल करू द्यायचं का?' यांना वाटलं पत्रिका उघडू का म्हणून विचारतोय. हो. मग विचारलं, एसएमएस वाचू देऊ का? हो. पुढे काहीच उघडलं नाही, अ‍ॅपचं चिन्हसुद्धा दिसेना. तर या गृहस्थांनी त्या मित्राला उत्तर काय पाठवावं? 'पत्रिका उघडत नाही, कृपया फोटो काढून पाठवणे. सहकुटुंब येऊ.'

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनाच नातेवाइकांचे फोन, 'काका, तुमच्याकडे कुणाचं लग्न?' यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून तीच फाइल सगळ्यांना गेलेली. त्या मित्राचंही तसंच झालं होतं, म्हणून तर ओळखीच्या नंबरावरून आली. रात्रीतून खात्यातले पैसे गेले. ओटीपीचे मेसेज त्यांच्या फोनवर आले असणार, पण यांना एकही दिसला नाही. तिकडच्याला मात्र दिसत होते.

हल्ली पत्रिकेच्या जागी 'आरटीओ चलान', 'पीएम किसान यादी', 'वीज बिल अपडेट' अशी नावं असतात. आतला माल तोच.

विवेकी_विक्रम

लोक वाचतच नाहीत, सरसकट हो-हो करत जातात, मग रडतात. फोन वापरायची अक्कल नसेल तर साधा बटणवाला घ्यावा. कटू आहे पण सत्य आहे.

मधली_सुट्टी

विक्रम, कटू आहे, पण अर्धंच सत्य आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आम्हाला वरून येणारं प्रत्येक परिपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ. हजेरीचं अ‍ॅप, पोषण आहाराचं अ‍ॅप, सर्वेक्षणाचं अ‍ॅप. त्यातलं एक तर एका कार्यालयाने प्ले स्टोअरवर न टाकता थेट एपीके म्हणून ग्रुपवर पाठवलं होतं, 'आजच इन्स्टॉल करून अहवाल द्यावा' या सूचनेसह. खरं होतं ते अ‍ॅप! ज्या शिपायाने, ज्या अंगणवाडीताईने साहेबांच्या ग्रुपवरून एकदा एपीके टाकलं आणि काही बिघडलं नाही, ती दुसऱ्यांदा का संशय घेईल? माणसांना हो म्हणायची सवय आपणच लावली आहे. इन्स्टॉल केलं नाही तर नोटीस आणि केलं तर मूर्ख, असं कसं चालेल?

आमच्या गावात पालकांच्या ग्रुपवर लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हाही वाट्टेल त्या लिंका फिरत होत्या. खरी ई-केवायसी सरकारी संकेतस्थळावरच होते. आम्ही शाळेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात तो पत्ता लिहून ठेवला आणि खाली लिहिलं, 'ग्रुपवरच्या लिंकवर कुणी दाबू नये'. बायका फळ्याचा फोटो काढून न्यायच्या. त्याचा उपयोग झाला.

गवती_चहा

मधली_सुट्टी ताई, फळ्याची कल्पना फार आवडली.

नागपुरी_संत्रं

+१ मधली_सुट्टी. विक्रमभाऊ, एखाद दिवशी चलानचा मेसेज तुमच्या गाडीच्या खऱ्या नंबरासकट आला न, तर तुम्हीपण दाबसान. घाईत माणूस वाचते काय बे?

अभ्यासू_आळशी

आळस झटकून लिहितो, कारण धागाकर्त्याचा मूळ प्रश्न अजून लोंबकळतोय.

काटेकोर बोलायचं तर व्हायरस म्हणजे स्वतःची नक्कल करत पसरणारा प्रोग्रॅम. मोबाइलवर हा प्रकार गाजला तो २००४ साली, 'कॅबीर' नावाने. सिम्बियन ही तेव्हाची फोनची प्रणाली, ती असलेल्या फोनमध्ये ब्लूटूथवरून फिरायचा. गंमत म्हणजे तेव्हाही समोरच्याला 'यस' दाबावं लागायचं, त्याशिवाय तो आत येत नव्हता. वीस वर्षांत फोन कुठच्या कुठे गेले, हे 'यस' तिथंच आहे. आजचा नेहमीचा धोका म्हणजे आपणच हाताने आत घेतलेलं आणि आपणच परवानग्या दिलेलं अ‍ॅप. त्यामुळे पहारा ठेवायचा तो या परवानग्यांवर. माझ्या मते आईच्या फोनमध्ये तीन जागा बघा.

पहिली, 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स'. सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत हेच शब्द टाका. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर, कुणालाही ती नको. सॅमसंगच्या नव्या फोनांत 'ऑटो ब्लॉकर' नावाचं बटण आहे, ते चालू केलं की बाहेरचं एपीके बसतच नाही. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर ते डोळे मिटून चालू करावं.

दुसरी, एसएमएसची परवानगी. परमिशन मॅनेजरमध्ये एसएमएस उघडा. मेसेजचं अ‍ॅप, फोन आणि बँकेचं वा यूपीआयचं अ‍ॅप, यापलीकडे कुणी दिसलं तर त्याचं तिथं काय काम आहे असं विचारा. साडेसातींच्या गोष्टीतली सगळी चोरी या एका दारातून झाली.

तिसरी आणि सगळ्यात वाईट, अ‍ॅक्सेसिबिलिटी. ही सोय ज्यांना दिसत नाही किंवा हात चालत नाहीत त्यांच्यासाठी आहे. ती मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंसुद्धा दाबू शकतं. म्हणजे पुढचं 'यस' ते स्वतःच दाबतं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या अ‍ॅपला ही परवानगी सहजी देता येत नाही, 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' असं म्हणून फोन अडवतो. ती अडवणूक कशी काढायची हे सांगायला कुणी फोनवर असेल, तर तोच चोर.

शिवाय प्ले स्टोअरमध्ये स्वतःच्या फोटोवर दाबलं की 'प्ले प्रोटेक्ट' दिसतं. ते चालू आहे ना बघा. ते फुकटचं अँटीव्हायरसच आहे.

उचापती

एवढं पुराण कशाला? आयफोन घ्या, विषय संपला.

ठसका

आला! मी कधीची वाट बघत होतो. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

नागपुरी_संत्रं

उचापती, हप्ते तुम्ही भरून राहिले का काकूंचे?

परदेशी_पोपट

म्युनिकमधून. मी आयफोनच वापरतो, तरी उचापतींशी अर्धाच सहमत. बाहेरून अ‍ॅप टाकायची वाट ॲपलने पहिल्यापासून बंद ठेवली, त्याचा फायदा नक्की होतो. पण आमच्या युरोपात कायद्यामुळे मार्च २०२४ पासून आयफोनवरही दुसऱ्यांची अ‍ॅप-दुकानं आली आहेत. आणि पेगॅसस विसरलात का? इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं ते हेरगिरीचं हत्यार आयफोनमध्ये काहीही न दाबता शिरायचं. त्यानंतर २०२२ मध्ये ॲपलने 'लॉकडाऊन मोड' आणला, तो चालू केला की असं शिरायच्या बऱ्याच वाटा बंद होतात.

अर्थात गवती_चहा यांच्या मातोश्रींवर पेगॅसस कुणी खर्च करणार नाही. तो पत्रकार आणि पुढाऱ्यांचा प्रश्न. सांगायचा मुद्दा, फोन करून 'मी बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला तुमच्या हातात कुठला फोन आहे याने काही फरक पडत नाही.

कॅशिअर_काकू

'बँकेतून बोलतोय' म्हटल्यावर मला यावंच लागलं. राष्ट्रीयीकृत बँकेत काउंटरवर बसते, निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत. फोन कसा वाचवायचा ते वर आलंय. पैसे गेल्यावर काय करायचं ते मी सांगते, कारण लोक आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

सर्वांत आधी फोनचा डेटा आणि वाय-फाय बंद. फ्लाइट मोडवर टाका. मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून १९३० लावा. आपल्याच फोनवरून नको, त्यात तो बसलेला आहे. १९३० हा देशभराचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे आणि तीच तक्रार 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वरही करता येते. तिथून निरोप गेला की पैसे ज्या खात्यात पोचलेत ते तिथंच गोठवायचा प्रयत्न होतो. चोर एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे भराभर पळवतो, म्हणून पहिला तास महत्त्वाचा. माणसं काय करतात? आधी मुलाला फोन, मग जावयाला, मग शेजारी गोळा होतात, मग 'उद्या बँक उघडल्यावर बघू'. उद्या त्या खात्यात शंभर रुपयेसुद्धा नसतात.

त्याच वेळी बँकेच्या हेल्पलाइनला सांगून कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय बंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. हा क्रमांक फार कामाचा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम असा. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. आणि ओटीपी किंवा पिन ग्राहकानेच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाज वाटली तरी आधी कळवा, रागवारागवी नंतर करा.

अजून एक. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा बोलते की आमचा शिपाईही आता बोलतो.

साडेसाती

काकू, सासऱ्यांचं अगदी हेच झालं. मुलीने ओरडू नये म्हणून दुपारपर्यंत कुणाला सांगितलंच नाही.

कॅशिअर_काकू

तेच ना. घरात आधीच सांगून ठेवा, असं काही झालं तर कुणी रागावणार नाही म्हणून. विक्रम यांनी वरचा त्यांचा प्रतिसाद या दृष्टीने पुन्हा वाचावा.

विवेकी_विक्रम

वाचला. अक्कलवाला भाग मागे घेतो. वाचून दाबावं या मतावर ठाम आहे.

ठसका

नोंद घ्यावी, या संस्थळावर आज कुणीतरी शब्द मागे घेतला.

बदलापूर_सेमी_फास्ट

थोडं अवांतर. तुम्ही सगळे व्हायरस-व्हायरस करताय, आमच्याकडे फटका गँग आहे. दारात उभं राहून फोन बघत असताना रुळाच्या कडेचा माणूस हातावर काठी मारतो. फोन खाली, गाडी पुढे. आणि फोन उघडाच गेलेला असतो! त्यासाठी अँड्रॉइडमध्ये 'थेफ्ट डिटेक्शन लॉक' आलंय, हातातून हिसकल्यासारखी हालचाल झाली की स्क्रीन आपोआप लॉक होते. चालू करून ठेवा. आणि सिमला पिन लावा. कुणीच लावत नाही. चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी वाचत बसतो. पिन असला की सिम तिकडे उघडत नाही.

दुरुस्ती_दादा

सिमच्या पिनला +१, पण जपून. सिमबरोबर कंपनीचा एक ठरलेला पिन येतो, आधी तो टाकावा लागतो. अंदाजाने तीन वेळा चुकलात की पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड, मागतो, मग कंपनीच्या दुकानात चक्कर.

फोन गेलाच तर दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी'वर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, देऊन फोन ब्लॉक करता येतो, म्हणजे दुसरं सिम घातलं तरी चालत नाही. त्यासाठी पोलिसांतल्या तक्रारीची प्रत लागते. आयएमईआय आजच *#०६# दाबून वहीत लिहून ठेवा, फोन गेल्यावर तो दाबणार कशावर? त्याच संचार साथीवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या नावावर एक अनोळखी नंबर निघाला, तिथूनच 'माझा नाही' म्हणून कळवला.

उचापती

एसटी स्टँडवरच्या चार्जिंग पॉइंटने फोन हॅक होतो म्हणे. त्याचं काय?

अभ्यासू_आळशी

भीती जास्त, प्रत्यक्षात कमी. केबल जोडली की अँड्रॉइड आपणहून फक्त चार्जिंग करतो. डेटा द्यायचा का असं विचारलं तर नाही म्हणायचं. पुन्हा तेच 'यस'. स्वतःचा चार्जर असेल तर प्रश्नच मिटला. स्टँडवर फोन चार्जिंगला लावून चहा प्यायला जाणं हा मोठा धोका आहे. :-)

त्यापेक्षा कॉल फॉरवर्डिंगकडे बघा. 'कुरिअर आलंय, पत्ता सापडत नाही, हा नंबर डायल करा' असं सांगून स्टार-२१ किंवा स्टार-४०१ ने सुरू होणारा आकडा दाबायला लावतात. तो दाबला की तुमचे कॉल त्याच्याकडे, म्हणजे कॉलवरून येणारा ओटीपीही त्याच्याकडे. दूरसंचार खात्याने १५ एप्रिल २०२४ पासून या आकड्यांनी होणारं फॉरवर्डिंग बंद करायला सांगितलं होतं, तरी शंका आली तर ##००२# दाबा. सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

गवती_चहा

आईच्या फोनवर ##००२# दाबून घेतलं. तिथे काही नव्हतं, पण तिला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

अजून एक विचारायचं होतं. खरं चलान आणि खोटं चलान ओळखायचं कसं?

कॅशिअर_काकू

दहा आकडी साध्या मोबाइल नंबरावरून आलं तर खोटं धरून चाला. खात्यांचे आणि बँकांचे एसएमएस नावाने येतात आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं. जी म्हणजे सरकारी, टी म्हणजे व्यवहाराचा, एस म्हणजे सेवेचा, पी म्हणजे जाहिरात. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आली तर उघडूच नका. आपल्याकडचं चलान 'महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन'वर गाडीचा नंबर टाकून स्वतः बघता येतं. बँकांचेही पत्ते आता 'डॉट बँक डॉट इन' असे झाले आहेत, वेगळ्याच पत्त्यावर पासवर्ड मागितला तर थांबायचं.

पानशेतकर

इतका वेळ फक्त वाचत होतो. अँटीव्हायरसच्या बाजूने कुणीच बोलत नाही म्हणून आलो. मी आपल्या पुण्याच्याच कंपनीचा पैसे भरून वापरतो. सोसायटीच्या ग्रुपवर आलेलं 'वीज बिल' एपीके त्याने उतरतानाच पकडलं आणि लाल पट्टी दाखवली. सरसकट टाकाऊ ठरवू नका.

अभ्यासू_आळशी

पानशेतकर, टाकाऊ म्हणत नाही. नावाजलेल्या कंपन्यांचे चांगले असतात. अडचण बाकीच्यांची आहे. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थेने २०१९ मध्ये प्ले स्टोअरवरची २५० अँटीव्हायरस अ‍ॅप्स तपासली. घातक अ‍ॅप्सपैकी ३० टक्क्यांहून जास्त पकडणारी आणि चांगल्याला वाईट न म्हणणारी किती निघाली? ८०. बाकीच्यातली काही तर नुसती ओळखीच्या नावांची यादी ठेवून होती, यादीत नाही तो चोर. त्यातल्या काहींना त्या यादीत स्वतःचंच नाव घालायचं सुचलं नाही, त्यामुळे ती स्वतःलाच व्हायरस ठरवत होती.

ठसका

हसून हसून पुरेवाट! एवढं प्रामाणिक सॉफ्टवेअर मी आजवर पाहिलं नाही.

पानशेतकर

हा हा. मान्य. पण मग धागाकर्त्याने घ्यायचा की नाही? कुणीतरी निकाल द्या.

दुरुस्ती_दादा

माझं स्पष्ट मत देतो, विकणारा असूनही. आईंच्या वापराला पैसे देऊन घ्यायची गरज नाही. अननोन अ‍ॅप्स बंद, प्ले प्रोटेक्ट चालू, एसएमएस आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीत कुणी भलता नाही, एवढं असलं की पुरे. ज्यांच्या फोनवर दिवसभर दहा ग्रुपवरून फाइली येतात, एजंट लोकं, ग्रामपंचायतवाले, त्यांनी नावाजलेल्या कंपनीचा घ्यावा, पण तो आहे म्हणून काहीही दाबू नये.

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. फोन चार वर्षं जुना म्हणालात. सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी अपडेट' किंवा 'सिक्युरिटी पॅच'ची तारीख बघा. वर्ष-दीड वर्षापूर्वीची असेल आणि नवं अपडेट येत नसेल, तर कंपनीने हात वर केलेत. अँटीव्हायरसचे पैसे साठवा आणि पुढचा फोन घेताना किती वर्षं अपडेट देणार हे आधी विचारा. हल्ली महागड्या काही मॉडेलांना सात वर्षं देतात, स्वस्तातल्यांना बरीच कमी.

आणि पेन्शनचं खातं यूपीआयवरून काढा. दुसरं छोटं खातं जोडा, त्यात महिन्याच्या दूध-भाजीपुरते पैसे ठेवा. सगळं बिघडलं तरी तेवढेच जातील.

कॅशिअर_काकू

दादांच्या शेवटच्या परिच्छेदाला दहा वेळा +१. मी स्वतःसाठी हेच केलंय.

गवती_चहा

पॅचची तारीख बघितली, चांगलीच जुनी निघाली. फोन बदलायचा ठरला. खातं वेगळं करायला या शनिवारी जातोय. अँटीव्हायरस नाही.

एक नवीनच तक्रार आली आहे. आई विचारते, "रोज सकाळी तिथी यायची ती कुठे गेली?" आम्ही बंद केलेलं पंचांग ती खरोखर वाचत होती.

मधली_सुट्टी

भिंतीवरचं कॅलेंडर. अपडेट वर्षातून एकदा, परवानगी फक्त खिळ्याची.

चिंचेचं_बोटूक

धागा उशिरा पाहिला. अभ्यासूंचं वाचून आत्ताच सासूबाईंच्या फोनची अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडली. तिथे 'सिस्टम सर्व्हिस' नावाचं काहीतरी चालू दिसतंय, चिन्ह साधं पांढरं. अनइन्स्टॉल दाबलं की स्क्रीन आपोआप मागे जाते. एसएमएसच्या यादीतही तेच नाव आहे. हे फोनबरोबर आलेलं असतं का?

दुरुस्ती_दादा

नसतं. काढू नका, आधी डेटा आणि वाय-फाय बंद करा. सिम काढून ठेवा. तुमच्या फोनवरून सासूबाईंच्या बँकेला लावा आणि व्यवहार थांबवायला सांगा. पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३०. त्यानंतर सेफ मोड, तिथं 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'मधून त्याचा टिक काढा, मग अनइन्स्टॉल होईल. नाहीच झालं तर फोटो तेवढे काढून घेऊन फॉरमॅट, आणि बॅकअपमधली अ‍ॅप्स परत घ्यायची नाहीत. सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. झालं की इथं लिहा.

चिंचेचं_बोटूक

सिम काढलं. बँकेला फोन लावलाय, होल्डवर गाणं वाजतंय.